चालू द्या!

आमच्याकडे जेवायला येणारी माणसं ताकभातावर आली की चुळबुळ करायला लागतात. कुणाला शेवटची गाडी आठवते, कुणाला घरचा गॅस बंद केला की नाही अशी शंका येते. एका गृहस्थांना तर घरी एकट्या राहिलेल्या कुत्र्याच्या आठवणीने गहिवरून आलं होतं. त्यांच्याकडे कुत्रा नाही हे मला पुढे कळलं. आता यात दोष आमच्या स्वयंपाकाचा नाही. सौभाग्यवतींच्या हातची वालाची उसळ खाऊन माणसं खरं म्हणजे मुक्कामाला राहायची. दोष आहे तो पानसुपारीच्या वेळी मी उच्चारतो त्या एका वाक्याचा: "बसा हो, पाचच मिनिटं. एक गंमत ऐकवतो."

ही पाच मिनिटं विलंबित लयीतली असतात.

शास्त्रीय संगीत ऐकण्याचा नाद निराळा आणि ते दुसऱ्याला ऐकवण्याचा नाद निराळा. पहिल्याने माणूस सुसंस्कृत होतो, दुसऱ्याने एकटा पडतो. ऐकणारा डोळे मिटून ऐकतो. ऐकवणारा डोळे ताणून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतो. आपल्याला जिथे भरून येतं तिथे यालाही येतंय की नाही, ही त्याची चिंता. पाहुण्याने नाक खाजवायला हात उचलला की आपल्याला वाटतं, दाद आली. आणि ती खास जागा जवळ यायला लागली की जिवाची उलघाल होते. "आता ऐका हं... येतेय... आलीच बघा... ही! ऐकलीत?" पाहुण्याने अर्थातच ऐकलेली नसते, कारण ती जागा चालू असताना मी बोलत असतो. गेल्या पन्नास वर्षांत माझ्या घरी आलेल्या एकाही माणसाला त्या जागा ऐकू गेलेल्या नाहीत. "तुम्ही गाणं ऐकवत नाही, गवयावर ओरडता," असं सौभाग्यवती म्हणतात. त्यांचं मत मी नेहमीच मानतो, फक्त अंमलात आणत नाही.

हा नाद घेऊन आम्ही २०१८ साली गिरगावची चाळ सोडली आणि द्रोणागिरीला राहायला आलो. "कुठे?" असं विचारून लोक उत्तर ऐकलं की हळहळायचे. त्यांना वाटायचं, मी संन्यास घेऊन हिमालयात निघालो. मग समजावून सांगावं लागायचं की हे द्रोणागिरी उरणच्या अलीकडे आहे, नवी मुंबईत मोडतं, सिडकोने तिथे सेक्टर आखलेत आणि माझ्या पेन्शनीत बसेल असा दोन खोल्यांचा फ्लॅट मिळतो. "अरेरे," म्हणून लोक आणखीच हळहळायचे. हिमालय त्यांना जवळचा वाटत असावा. त्यांचंही चूक नव्हतं. उरणपर्यंत लोकल गाडी आली ती १२ जानेवारी २०२४ ला. तोवर आम्हाला भेटायला येणं हे नातेवाईकांच्या प्रेमाची परीक्षा घेण्यासारखं होतं. बरेचजण त्यात नापास झाले.

सामान हलवताना टेम्पोवाल्याने माझ्या रेकॉर्डींच्या पेट्या बघितल्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या, तीनशेच्या वर. लाखेच्या असल्याने वजनाला दगड आणि स्वभावाने काच. त्याने एक पेटी उचलली, परत खाली ठेवली आणि अदबीने विचारलं, "काका, एवढे तवे? हॉटेल काढताय?" त्या प्रवासात सात तवे फुटले. मी पुढे टेम्पोत बसून प्रत्येक खड्ड्याला एकेका गवयाचं नाव घेत होतो. ड्रायव्हरला वाटलं, काका जप करतायत. त्याने भक्तिभावाने वेग वाढवला.

इथे आल्यावर कळलं की गाव माझ्या स्वभावाला साजेसंच आहे. करंजाच्या बाजूला द्रोणागिरीचा डोंगर आहे. जुनी माणसं सांगतात, मारुतीराया संजीवनीचा पर्वत घेऊन लंकेला निघाला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, तोच हा. मला ही कथा फार आवडते. कुठली मुळी हवी ते ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा डोंगर उचलला. मारुतीराय हे माझ्या मते जगातले पहिले संग्राहक. आणि डोंगर नेताना वाटेत थोडं सांडणारच, हेही त्यांनीच दाखवून दिलं.

पण ऐकवायचं कुणाला? समोर न्हावाशेव्याचं बंदर. १९८९ साली ते सुरू झालं तेव्हापासून या भागातले रस्ते कंटेनरच्या ट्रेलरांचे झाले. पहाटे चार वाजता एक ट्रेलर आमच्या खिडकीखाली हॉर्न वाजवतो. तो बरोबर काळी चारमध्ये असतो. पहिले सहा महिने मला शास्त्रीय संगीताचा तेवढाच सहवास होता.

पण शौकीन माणसाला शौकीन माणूस भेटतोच. त्यासाठी जाहिरात द्यावी लागत नाही. खिडकी उघडी ठेवून भैरवी लावली की काम भागतं. निम्मी माणसं तक्रार करायला येतात, उरलेल्यातला एखादा जिन्यात थबकून विचारतो, "हिराबाई का हो?" तो आपला. अशी चार माणसं जमली आणि आमचं रविवार सकाळचं मंडळ सुरू झालं. नियम एकच होता: प्रत्येकाने आपलं एक आवडतं ध्वनिमुद्रण आणायचं, ऐकवायचं आणि दुसऱ्याचं चालू असताना बोलायचं नाही. नियमाचा शेवटचा भाग खास माझ्यासाठी होता. तो मी पाळला नाही.

मंडळातले पहिले सभासद बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना रेकॉर्ड आवडते म्हणजे तिचा नंबर आवडतो. गाणं कसं वाटलं असं विचारलं तर म्हणतात, "लेबल अस्सल आहे." मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली, तिच्या श्रवणसभांना ते जाऊन आलेले, आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे अंक बायकोच्या दागिन्यांपेक्षा जपून ठेवलेले. त्यांच्यामुळे आम्ही शहाणे झालो हे मात्र खरं. गौहरजानने कलकत्त्याला नोव्हेंबर १९०२ मध्ये कर्ण्यात तोंड घालून गाणं म्हटलं आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगितलं, ते का? तर तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या माणसाला कळावं, ही बाई कोण. एका बाजूला मिनिटं मिळायची तीन-साडेतीन. म्हणजे चीज सांगायची, बढत करायची, ताना घ्यायच्या आणि नावही सांगायचं, तेवढ्यात! आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींना नुसती प्रस्तावना करायला याहून जास्त वेळ लागतो.

केसरबाईंची गोष्ट तर ते दर महिन्याला सांगतात. केसरबाई केरकर मोठ्या मानी. उठसूट कुणी आपलं गाणं टेपून घेतलेलं त्यांना खपत नसे. आणि १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने सोडली त्यांत पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली, तिच्यात हिंदुस्थानातून घेतली ती केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर एक निघालं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आज ते यान दोन हजार चारशे कोटी किलोमीटरांच्याही पलीकडे पोचलंय. आपण एक रेकॉर्ड शेजारच्या बिल्डिंगीत द्यायला दहा वेळा विचार करतो, असं म्हणून बँकवाले माझ्याकडे बघतात. का बघतात ते पुढे सांगतो.

दुसऱ्या सभासद म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या संगीताच्या बाई. त्या मांडीवर मात्रा मोजतात आणि गाणं संपल्यावर निकाल जाहीर करतात. मोठमोठे गवई त्यांच्याकडून काठावर पास होतात. त्यांचं आणि बँकवाल्यांचं एकाच विषयावर एकमत होतं, ते म्हणजे भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँसाहेब. बुवा गेले १९२२ साली, खाँसाहेब १९४६ साली. दोघांच्याही गाण्याची एकही तबकडी मागे राहिलेली नाही. त्यामुळे त्यांच्याविषयी आमच्या मंडळात कधीही भांडण झालेलं नाही. भांडायला वाजवून काय दाखवणार? बँकवाले मात्र तो विषय निघाला की गप्प होतात. ज्या रेकॉर्डींना नंबरच नाही त्यांचं दुःख त्यांना सर्वांत मोठं आहे.

तिसरा सभासद एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटर सांभाळणारा तरुण. गुणी मुलगा. तो पहिल्या रविवारी खिशातून विडीच्या बंडलाएवढी डबी काढून म्हणाला, "काका, यात सगळं आहे." "सगळं म्हणजे?" "सगळे. किराणा, आग्रा, ग्वाल्हेर, जयपूर. दोन टीबी आहे." आमच्या लहानपणी टीबी म्हटलं की माणसाला मिरजेला पाठवत. मी हिशेब केला. मिनिटाला साधारण एक एमबी धरली आणि दिवसाचे आठ तास बसून ऐकलं, तर ही डबी संपायला अकरा वर्षं लागतील. "यातलं तू काय काय ऐकलंस?" मी विचारलं. तो लाजला. "अजून कॉपी चाललीय, काका." मला डोंगर घेऊन उडणारे मारुतीराय आठवले. फरक एवढाच, की तिकडे लक्ष्मणाला एक मुळी तरी हुंगायला मिळाली होती.

आणि चौथे, करंजाचे नाखवा. त्यांची सूनबाई आमच्या मार्केटात मासळी विकते. एका संध्याकाळी तिच्या टोपलीशेजारी म्हातारबुवा जुना कॅसेट प्लेअर मांडीवर घेऊन बसलेले आणि त्यातून अब्दुल करीमखाँसाहेबांचा सूर येतोय. खाँसाहेब जाऊन १९३७ पासून इतकी वर्षं झाली, पण त्या मार्केटाच्या कलकलाटात तो सूर सुईसारखा वर आला होता. माझी बोंबलांची पिशवी हातातच राहिली. नाखवा म्हणाले, "दादा, मना राग-बीग काय कलत नाय. पन या बाबाचा गला आयकला का भरती लागल्यासारखा वाटतं." किराणा घराण्यावर इतका नेमका अभिप्राय मी छापील पुस्तकातही वाचलेला नाही. तरुणपणी ते मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर खलाशी होते. पुढे स्वतःची होडी केली. ह्या कॅसेटी तेव्हा लाँचने येणाऱ्या उरणच्या कुणा साहेबाने दिलेल्या. नावं कशावरच नव्हती. ते मंडळात यायला लागले. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तर नेमाने. कोपऱ्यात बसायचे, चहा घ्यायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. मंडळाचा नियम पाळणारे तेवढे एकच.

आता बँकवाले माझ्याकडे का बघतात ते सांगतो.

माझ्याकडे एक मालकंस आहे. १९७१ साली आमच्या चाळीच्या गणपतीत मध्यरात्रीनंतर एक फार मोठे गवई गायले. कोण ते सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही प्रत मागाल. दुसऱ्या मजल्यावरच्यांचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेला ग्रुंडिगचा स्पूल टेपरेकॉर्डर मी हातापाया पडून मागून घेतला. सात इंची टेप, एका बाजूला चौसष्ट मिनिटं. पोरांनी माइकला हात लावू नये म्हणून माझ्या वडिलांना माइकशेजारी बसवलं होतं. वडिलांना दमा.

वडील कारकून होते. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला हुकूम केला नाही. कचेरीत हेडक्लार्कचं ऐकायचे, घरी आईचं, आणि या दोघांपैकी कुणीच नसेल तर माझं. तर बाविसाव्या मिनिटाला, मालकंस ऐन रंगात आलेला असताना, वडिलांना उबळ आली. अगदी माइकजवळ. गवई दचकून थांबले. शे-दीडशे माणसांत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत वडील, हिंदुस्थानातल्या एवढ्या मोठ्या गवयाला उद्देशून, अभय दिल्यासारखे म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

सगळी चाळ हसली. गवईही हसले आणि त्याच हसण्यातून उठून अशी काही तान घेऊन समेवर आले की पुढची चाळीस मिनिटं कुणी पापणी हलवली नाही.

१९७४ साली वडील गेले. त्यांचा एक फोटो आहे, त्यात ते हलल्यामुळे कान तीन आलेत. आवाज म्हणाल तर एवढाच. एक खोकला आणि चार शब्द. तेही दोनच, दोनदा.

त्या काळी खासगी मैफलींच्या टेपा म्हणजे जमीनजुमला. ज्याच्याकडे असेल तो मालक, आणि बाकीचे त्याच्या दारात उभे. "तुमचा दरबारी द्या, माझा मालकंस देतो," अशी देवाणघेवाण चालायची. मुलींची लग्नं इतकी खळखळ न होता जमत. प्रत देताना "कुणाला देऊ नका हं" ही अट असायचीच, आणि महिनाभरात ती टेप पुण्याला पोचायची. प्रतीची प्रत, तिची प्रत, असं होत होत शेवटी खरखर ऐकू यायची आणि मागे कुठेतरी गवई. मी मात्र कुणालाही प्रत दिली नाही. लोकांना वाटे मी मालकंसाला जपतोय.

एकालाच दिली. माझ्याच खात्यात एक उरणचा सहकारी होता. रोज मोऱ्याहून लाँचने यायचा, लाँच चुकली की ऑफिसात साहेबांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक समजावून सांगायचा. त्याने दोन वर्षं माझी पाठ सोडली नाही. १९८४ साली त्याला कावीळ झाली, तो दोन महिने अंथरुणाला खिळला, तेव्हा मी विरघळलो आणि एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर मालकंस उतरवून दिला. अट घातली: कुणालाही द्यायचा नाही. त्याने द्रोणागिरी देवीची शपथ घेतली.

तीन महिन्यांनी एका लग्नात एक परका माणूस मला म्हणाला, "परवा काय मालकंस ऐकला हो उरणला! फक्त मध्ये तो कोण खोकतो, त्याला उचलून बाहेर नेला असता तर..."

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला धरलं. तो पहिल्यांदा हसला. "अरे, देवीला विचारूनच दिली. तिला आधी ऐकवली. ती म्हणाली, चालू द्या." विनोद चांगला होता. आज मला तो फार चांगला वाटतो. पण त्या दिवशी त्याने ते माझ्या वडिलांचे शब्द वापरले, आणि कुणा परक्याने माझ्या वडिलांना बाहेर उचलून न्यायला सांगितलं होतं, आणि मी बत्तीस वर्षांचा होतो. "अशी गोष्ट एकट्याने ऐकवत नाही रे," असंही तो म्हणाला. मी ऐकलं नाही. त्यानंतर आम्ही बोललो ते फायलींपुरतं. १९९९ साली तो गेल्याचं कळलं. मी उरणला गेलो नाही. लाँचला फार गर्दी असते, असं कारण मी स्वतःला दिलं.

इकडे माझ्या मूळ टेपेला बुरशी धरली. सुदैवाने त्याआधी एका जाणत्याकडून ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. गेल्या पावसाळ्यात आमच्या डबीवाल्या मुलाने हट्ट धरला, "काका, त्याची खरखर काढून देतो. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे." मी म्हटलं, घरात बसून काढ. तो बिचारा दोन रविवार दुपारचा माझ्या घरी बसला. घाम पुसत म्हणाला, "झालं. आता मंडळात लावू."

मालकंस मी पहिल्यांदाच मंडळात लावत होतो. सगळे सावरून बसले. आणि खरंच सांगतो, काय सफाई होती! तंबोरे काल लावल्यासारखे. वीस मिनिटं झाली. एकवीस. माझ्या तोंडात "आता ऐका हं" आलंच होतं. बावीस.

काही नाही.

गवई एका सुरावरून दुसऱ्या सुरावर लोण्यासारखे घसरले आणि समेवर आले. बाई "वा!" म्हणाल्या; पोराने टेबलाखाली मुठी आवळल्या. "काका, मध्ये एक डिस्टर्बन्स होता, कुणीतरी खोकत होतं. असा कापलाय की सांधा दिसणार नाही."

"आणि जुनी?" मी विचारलं.

"ती उडवली. डुप्लिकेट होती ना."

त्या पोराने इतक्या प्रेमाने काम केलं होतं की मला रागावताही येईना. खरखर गेली होती आणि वडीलही गेले होते. या खेपेला कायमचे. मी "छान, छान" म्हणालो आणि चष्मा पुसायला घेतला. आणि इतक्यात, मंडळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, कोपऱ्यातून नाखवा बोलले.

"यात बाबा नाय."

"कोण बाबा?"

"खोकलावाला बाबा. हितं खोकतं ना तो. मग बोलतं, चालू द्या, चालू द्या."

माझ्या हातून चष्मा पडला.

पुढच्या रविवारी नाखवा आपला प्लेअर घेऊन आले. त्याचं झाकण रबराने बांधलेलं. कॅसेटवर मिठाचे डाग. लाँचवरचा तो उरणचा साहेब म्हणजे माझाच सहकारी, हे आता सांगायला नको. या कॅसेटीचं नाव गेली चाळीस वर्षं करंजाला 'खोकलावाल्या बाबाची कॅसेट' असंच होतं. राग कुठला, गवई कोण, कुणाला पत्ता नाही. होडीवर रात्री जाळं टाकून बसलं की लावायची. इंजिन सुरू करताना होडीवरचे खलाशी आजही एकमेकांना ओरडून सांगतात, "चालू द्या!" नव्या पोरांना ते कुठून आलं हे ठाऊक नाही. ज्या माणसाचा शब्द घरातही चालला नाही, त्याच्या हुकमावर करंजाची एक होडी चाळीस वर्षं समुद्रात जात होती.

प्लेअर लावला. प्रतीची प्रत, त्यावर खाऱ्या हवेची चाळीस वर्षं. खरखर अशी की कढईत मोहरी तडतडतेय. एकविसावं मिनिट झालं. नाखवांनी एक बोट वर केलं. मी गप्प होतो. नियम पाळायचा म्हणून नव्हे. बोलायला गळाच नव्हता. आणि त्यामुळे, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, माझ्या घरी जमलेल्या माणसांना ती जागा ऐकू आली.

"चालू द्या, चालू द्या."

कुणी बराच वेळ बोललं नाही. मग बाई डोळे पुसत म्हणाल्या, "समेच्या दोन मात्रा आधी आहे खोकला. पण लयीत आहे." इतके गुण त्यांनी आजवर कुणाला दिलेले नाहीत. बँकवाल्यांनी कॅसेटवर काही नंबर आहे का ते बघितलं. पोराने न बोलता वायर जोडली आणि खरखरीसकट, खोकल्यासकट, शेवटी अर्ध्यावर कुणीतरी टेपलेल्या कोळीगीतासकट सगळं उतरवून घेतलं. कशालाही हात लावला नाही. चौघांना चार प्रती दिल्या. कुणालाही अट घातली नाही.

जे जपून ठेवलं त्याला माझ्या कपाटात बुरशी लागली. जे मित्राने शपथ मोडून वाटलं ते समुद्रावर जाऊन माझ्याकडे परत आलं. केसरबाईंच्या यानाइतका लांबचा पल्ला नसेल, पण मोरा ते करंजा आणि करंजा ते आमचा सेक्टर, हेही काही कमी नाही. त्या मित्राला हे सांगायला हवं होतं. आता लोकल आहे, लाँचच्या गर्दीचं कारणही राहिलेलं नाही. त्या आठवड्यात मी उरणला त्याच्या मुलाकडे जाऊन आलो. एक प्रत दिली. "पाचच मिनिटं, एक गंमत ऐकवतो," म्हणून बसलो आणि पूर्ण वेळ गप्प राहिलो. सौभाग्यवतींचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

तुम्हीही या. द्रोणागिरीला उतरून कुणालाही विचारा, खिडकीतून गाणं येतं ते घर कुठलं. वालाची उसळ आहेच. गवयाचं नाव तेव्हा सांगेन, प्रतही देईन. अटी दोनच: ती आणखी कुणालातरी द्यायची, आणि खोकला काढायचा नाही.